सही शिकवणारे काका

कुणाच्या अंगठ्याला निळी शाई दिसली की काकांचं डोकं फिरायचं. माणूस ओळखीचा असो वा नसो, ते त्याचा हात धरायचे आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तो अंगठा खसाखसा पुसायचे. "कायच्यावर लावला?" हा पहिला प्रश्न, आणि "मालूम नहीं कका" हे ठरलेलं उत्तर. त्यावर काका अशी शिवी हासडायचे की मी जवळपास असले तर भिंतीवरच्या कॅलेंडरात डोकं खुपसायची.

रायपूरच्या बाहेर सिलतऱ्याकडे लोखंडी सळ्यांची एक रोलिंग मिल होती. तिथल्या पर्सोनेल विभागात मी टायपिस्ट होते आणि काका क्रेन चालवायचे. गाव वर्ध्याकडचं, बायको वारलेली, मुलगी बल्लारशाला दिलेली. रायपुरातल्या तात्यापारा मोहल्ल्यात आमच्या घरामागच्या खोलीत ते भाड्यानं राहत, आणि सणावाराला त्यांचं पान आमच्याकडेच असे. नोकरी पक्की होती, निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. माझे वडील रेल्वेतून रिटायर झालेले, सावध माणूस. ते एकदिवसाआड त्यांना बजावत, "भाऊ, आता गपचूप बसून राहा ना." काका म्हणत, "बसूनच तर राहिलो जी जलमभर. क्रेनवर काय उभ्यानं काम करते कोनी?"

पण त्या क्रेनवरूनच त्यांना सगळं दिसायचं. खाली लाल सळ्या चिमट्यांनी ओढणारी माणसं ठेकेदाराची होती. महासमुंदकडची, बेमेतऱ्याकडची. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. ठेकेदाराचा मुनीम कोरे कागद घेऊन यायचा आणि ही माणसं रांगेनं अंगठे उठवायची. पुढे कुणाचं बोट गेलं, पाय भाजला, की तोच कागद भरून बाहेर यायचा : माणसानं आठवड्यापूर्वीच राजीनामा दिलेला असायचा. असे दोन राजीनामे मी स्वतः फायलीला लावले होते. मला पगार त्याचाच मिळत होता.

मग काका जेवणाच्या सुट्टीत क्रेनवरून उतरून शिकवणीला बसू लागले. लोखंडावर खुणा करायचा खडू आणि थंड झालेली पत्र्याची पाटी, एवढंच सामान. अ आ इ ई नाही, बाराखडी नाही, ज्याला त्याला फक्त त्याचं नाव. "अंगठा कोनीबी धरून लावून घेते. सही आपल्या मर्जीनं कराव लागते," असं ते म्हणायचे, आणि हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की आमच्या घरी आई चहा देताना त्यांची नक्कल करायची. काका सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

शिकवणीत भुवनेश्वर नावाचा एक दांडगा गडी होता. बिचाऱ्याचा श्व काही केल्या जमेना. एकदा त्यानं खडू टाकून दिला. "कका, मोर नाव ला छोटे कर दे!" काका म्हणाले, "तुह्या बापानं हौसेनं ठेवलं, मी काहून कापू?" पुढे महिनाभर घासून त्यानं सही केली तेव्हा काका मिलभर मिठाई वाटत फिरले. माझ्या टेबलावरही एक पेढा ठेवून गेले. आमच्या विभागाच्या साहेबांनी विचारलं, "क्या खुशी है?" मी म्हणाले, काकांना नात झाली असेल. खोटं बोलण्याची सवय मला त्याच मिलमध्ये लागली.

सह्या आल्या तशी काकांनी पुढची गोष्ट काढली : ठेकेदारीतल्या माणसांची युनियन. पक्क्या कामगारांची एक जुनी युनियन होती, पण ती ठेक्याच्या माणसाला विचारत नसे. रायपूर नव्या राज्याची राजधानी झाल्याचा काकांना फार आनंद होता. पूर्वी नोंदणीचा अर्ज इंदूरला जायचा, महिनोन् महिने त्याचा पत्ता नसायचा. आता राजधानी आपलीच, कामगार खात्याचं ऑफिस आपल्याच गावात. "सायकलनं जाता येते, पोरी! सरकार घराजवळ येऊन बसलं," असं ते सांगायचे, जणू स्वतःच कुणाला तरी बोलावून आणलं होतं. तिकडे उद्योगपतींच्या मेळाव्यांत मंत्री छातीठोकपणे सांगत होते की आमच्या राज्यात कामगारांची कटकट नाही. काका ते पेपरात वाचायचे आणि म्हणायचे, "पावन्यापुढं कोन घरातलं भांडन सांगते?"

अर्ज मी आमच्या घरी बसून टाइप केला. मागे नव्वदएक नावं, प्रत्येकापुढे सही. त्याच सुमारास आमच्या विभागात कामगार खात्याचं एक परिपत्रक आलं होतं : युनियनच्या अर्जातली नावं आधी मालकाकडून पडताळून घेतली जातील. मी काकांना ते सांगितलं. म्हटलं, सगळी नावं देऊ नका, कायद्याला लागतील तेवढीच द्या. काका रागावले. "लपवाच काम काय वं? सरकारकडे जाऊन राहिलो, चोराकडे नाही. ज्यानं सही केली त्याचं नाव कापू काय मी?" मी कागद त्यांच्या हातात दिले. आणखी भांडायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

इंदूरला जाणारा कागद वाटेतच म्हातारा व्हायचा. आमच्या राजधानीतला कागद चार दिवसांत मिलमध्ये आला. साहेबांनी ती यादी माझ्याच टेबलावर ठेवली आणि म्हणाले, प्रत्येकाच्या नावानं एकेक बयान टाइप करा. मी केलं. रडत केलं असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तसं काही झालं नाही. हात सरावाचे होते, दुपारपर्यंत गठ्ठा तयार झाला.

शिफ्ट सुटल्यावर सगळ्यांना हजेरीच्या टाइम ऑफिसात बोलावलं, गठ्ठा घेऊन मलाही. जो सही करणार नाही त्याला उद्यापासून गेट बंद, असं ठेकेदारानं सांगितलं. पहिल्या माणसानं मुकाट्यानं अंगठा पुढे केला. साहेब म्हणाले, "अंगूठा नहीं चलेगा. यूनियन के कागज पर साइन किया था न, यहाँ भी साइन करो." कुणी पेन उचलेना. तेवढ्यात काका आले आणि दारात उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. काकांनी 'नाही' म्हटलं असतं तर एकानंही सही केली नसती, याबद्दल मला आजही शंका नाही.

काका मला म्हणाले, "वाच वं, काय लिहिलं."

मी वाचलं. "मैं किसी यूनियन का सदस्य नहीं हूँ. मेरा नाम क्रेन ऑपरेटर ने धोखे से लिखवाया है."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. माझा आवाज मलाच ऐकवेना. काकांनी त्या माणसांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "कर दो रे सही. घर मा लइका-बच्चा हे सबके." कुणी हललं नाही तेव्हा त्यांनीच पेन उचलून भुवनेश्वरच्या हातात दिलं. तो रडत होता. रडत रडत त्यानं अख्खं नाव लिहिलं, एकही अक्षर चुकलं नाही.

पुढचं सगळं कायद्यानं झालं. नव्वद माणसांनी लेखी दिलं होतं की काकांनी फसवलं, आणि एकूणएक सही खरी होती. चौकशी तीन बैठकांत संपली आणि काकांना बडतर्फ केलं. सभासदच नाकारतात म्हणून खात्यानं युनियनचा अर्ज फेटाळला. इतकं करून ती माणसं तरी टिकावीत? वर्षाच्या आत ठेकेदार बदलला, आणि नव्यानं आपली माणसं आणली. मी मात्र टिकले. मला बढतीही मिळाली.

त्या दिवसापासून काकांनी आमच्याकडे जेवायला येणं बंद केलं. वडील बोलवायला गेले तर म्हणाले, "पोरीची नोकरी आहे जी तिथं." महिनाअखेरीला खोली सोडून ते तात्यापाऱ्याच्याच दुसऱ्या टोकाला राहायला गेले. बल्लारशाला मुलीकडे कायमचे जाण्याआधी चार-सहा महिने तिथेच होते.

या काळात मिलची माणसं बाजारात त्यांना दिसायची. माना खाली घालायची. काकांनी काय केलं, तर लांबून कुणी येताना दिसलं की आपणच रस्ता ओलांडायचे. समोरच्याला मान खाली घालावी लागू नये म्हणून. भाजीवाल्या बाईनं हे मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, त्यांचा स्वभावच तसा आहे.

एका रविवारी सकाळी मी तात्यापाऱ्याच्या चौकात मेथीची जुडी निवडत होते. समोरून काका आले, हातात पिशवी, दाढी वाढलेली. किती दिवसांनी दिसत होते. मी हाक मारायला तोंड उघडलं. त्यांनी मला पाहिलं, क्षणभर थांबले, आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले.