जेलिंदोच्या पट्टीवरचं पाणी

जेलिंदो सिव्हिएरो सव्वीस वर्षं काब्रूझाच्या पंपघरात होता आणि सव्वीस वर्षं त्याने एक काम रोज दोनदा, न चुकता केलं. पंपघराच्या समुद्राकडच्या भिंतीत एक संगमरवरी मोजपट्टी बसवलेली होती. तिच्यावर पाणी कुठवर आलंय ते वाकून पाहायचं आणि वहीत लिहायचं. भरतीला एकदा, ओहोटीला एकदा. बायकोच्या मयताच्या दिवशीसुद्धा त्याने आधी आकडा लिहिला आणि मग काळा कोट चढवला. लोक त्यावरून त्याला नावं ठेवत. ठेवोत. त्याच्यासारखा अक्षराचा आणि आकड्याचा स्वच्छ माणूस आमच्याकडे दुसरा नव्हता.

इटलीतल्या पो नदीच्या मुखाजवळचा आमचा मुलूख मुळातच समुद्रापेक्षा खाली. चारी बाजूंनी मातीचे बांध, आत शेतं, आणि शेतात साचलेलं पाणी कालव्यातून ओढून बांधापलीकडे फेकायला पंप. पंप बंद पडला तर आठवड्याभरात मक्यात बेडूक ओरडायला लागतात. त्यामुळे पंपवाल्याला मान असतो, आणि पाणी साचलं की शिव्याही त्यालाच खाव्या लागतात.

एकोणीसशे पन्नास सालानंतर शिव्याच जास्त झाल्या. पूर्वी पंप सहा तास चालला की शेतं कोरडी व्हायची. सत्तावन्न साली सोळा तास चालवूनही प्रीमो फिनोत्तीच्या वावरात पाय ठेवला की बूट रुतायचा. जेलिंदो गावच्या दारूच्या दुकानात शिरला की प्रीमो सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा,

"काय रे जेलिंदो, पंप चालवतोस की पंपाला टेकून झोपतोस?"

"सोळा तास चालतोय."

"मग उलटा चालवत असशील!"

सगळे हसायचे. जेलिंदो ग्लास रिकामा करून निघून जायचा. त्याने पंप खोलून पाहिला, जाळ्या घासल्या, कालव्यातला गाळ काढवून घेतला. पंपात काही खोट नव्हती. आणि बाहेरच्या पट्टीवर पाणी वर्षागणिक चढत होतं. पन्नास साली ओहोटीला वीस सेंटिमीटर असायचं, ते आता एक मीटर पंधरावर आलं होतं. दिसलं तसं तो लिहीत गेला.

वह्या निचरा मंडळाच्या कचेरीत जायच्या. सहा वर्षं कोणी त्या उघडल्या नाहीत. सातव्या वर्षी वरून विचारणा झाली, तेव्हा इंजिनिअर झानेल्लातो गाडीतून उतरले ते नाकाला रुमाल लावूनच.

"समुद्र काय फक्त तुझ्यासाठी मीटरभर वर आला?" त्यांनी विचारलं. "तिकडे दूर बंदरातल्या पट्टीवर पाणी होतं तिथेच आहे. तिथला समुद्र वेगळा आणि तुझा वेगळा?"

"साहेब, तुम्हीच बघा की. हे समोर आहे."

साहेबांनी वाकून पाहिलं. "आज सिरोक्को वाहतोय. या वाऱ्याने पाणी फुगतं. आजचं काही धरता येणार नाही," असं म्हणून ते सरळ झाले.

मग मोजणीदार आला. गावच्या चर्चच्या भिंतीत उंचीची पितळी खूण ठोकलेली आहे. तिच्यापासून दुर्बीण लावत लावत तो पट्टीपर्यंत आला. हिशोब तंतोतंत जुळला, पट्टी मिलिमीटरभरही खाली-वर नव्हती. पट्टी बरोबर आणि समुद्र बरोबर, तेव्हा चूक कोणाची, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. आपला आळस झाकायला जेलिंदोने आकडे फुगवले, असं ठरलं.

मंडळाने त्याच्यापुढे एक कागद ठेवला. 'सहा वर्षांच्या नोंदी मी अंदाजाने लिहिल्या' एवढ्यावर सही केली, तर नोकरी जाईल पण पंपघरामागचं घर मरेपर्यंत राहील. सही केली नाही, तर सान मार्तीनोला घर रिकामं करायचं. सान मार्तीनो म्हणजे अकरा नोव्हेंबर, आमच्याकडे बिऱ्हाडं हलवायचा दिवस.

"विचार कर," झानेल्लातो म्हणाले. "एक सही तर आहे."

"साहेब, मला अंदाज करता येत नाही. मला फक्त वाचता येतं."

हे सगळं तो पुढच्या रविवारी लेकीकडे जेवताना सांगणार होता. नोर्मा त्याची एकुलती एक. तिचा नवरा एर्मेस पोत्सातो वायूच्या विहिरींवर कामाला होता. जमिनीखाली दोनशे-तीनशे मीटरवर वाळूत खारं पाणी आहे आणि त्या पाण्यात जळणारा वायू मुरलेला आहे. नळी घालून पाणी वर काढायचं, वायू वेगळा करायचा आणि पाणी चरात सोडून द्यायचं, असा तो धंदा. चरातलं पाणी कालव्यात आणि कालव्यातलं जेलिंदोच्या पंपात. "तुम्ही उपसा, आम्ही ओततो," एर्मेस म्हणायचा, "सासरेबुवा, घरातल्या घरात दोघांचीही सोय आहे." त्याची विहीर घराच्या मागेच होती.

नोर्मा वाम शिजवत होती, मक्याच्या पिठाची पोलेंता अजून घोटायची होती. तोवर जेलिंदो जावयाबरोबर मागे गेला. एर्मेस व्हॉल्व्ह फिरवायला लाकडी पायऱ्यांवर चढला.

"ही पायरी नवी दिसते?"

"तिसरी आहे, पापा. व्हॉल्व्हला हात पुरत नाही. खालून वायू ढकलतो ना, नळी मक्यासारखी वाढते. सगळ्या विहिरींवर हेच आहे. आता चौथी पायरी लागेल."

जेलिंदो नळीजवळ गेला. सात वर्षांपूर्वी एर्मेसनेच तिला हिरवा रंग दिला होता, अगदी जमिनीला टेकेपर्यंत. तो रंग आता कमरेपाशी संपत होता. त्याखाली मीटरभर उघडं, गंजकं लोखंड होतं.

नळी वाढत नव्हती. लोखंड कुठे वाढतं? नळी खोल वाळूत घट्ट रोवलेली होती, म्हणून मागे राहिली होती आणि भोवतालची जमीन खाली गेली होती. पुढे मोठ्या इंजिनिअरांनी नकाशे काढून हेच समजावलं. वाळूच्या कणांमधलं पाणी वरच्या मातीचं बरंचसं ओझं आपल्या अंगावर तोलून धरतं. ते पाणी काढून घेतलं की सगळं ओझं कणांवर येतं, वाळू दबते, चिखलाचे थर पिळून निघतात आणि वरचा सगळा मुलूख मक्याच्या सालपटांच्या गादीसारखा बसतो. जेलिंदोला एवढं कळलं नव्हतं. पण पंपघर खाली गेलं, म्हणून पट्टी खाली गेली, म्हणून पाणी वर चढलेलं दिसलं, हे कळलं. चर्चही त्यांच्याबरोबर खाली गेलं होतं. मोजणीदाराने काय केलं होतं, तर दोन बुडत्या माणसांचे खांदे एका रेषेत आहेत म्हणून कोणीच बुडत नाही, असं ठरवलं होतं.

जेवताना त्याने कागदाचंही सांगितलं आणि नळीचंही. एर्मेसचा घास हातातच राहिला. नोर्माने मात्र लगेच विचारलं, "आणि हे तुम्ही साहेबांना सांगणार?"

"सांगितलं तर माझे आकडे खरे ठरतात."

"आणि विहिरी बंद होतात."

"होतील."

"पापा, लग्न झालं तेव्हा हे रोजंदारीवर होते. हिवाळ्यात कामाला कोणी बोलवायचं नाही. ही चूल, हे छप्पर, पोरींची शाळा, सगळं त्या नळीतून येतंय. तुमच्या वहीसाठी ते घालवणार?"

दोन्ही नाती ताटात बघत होत्या. थोरली आठ वर्षांची, धाकटी पाच.

"नाही सांगत," जेलिंदो म्हणाला.

आणि त्याने खरंच सांगितलं नाही. कागदावर सही केली नाही, आणि नळीबद्दल चकार शब्द काढला नाही. सप्टेंबरात त्याने खोकी गोळा करायला सुरुवात केली. गावाला वाटलं, पकडला गेला म्हणून गप्प बसलाय. प्रीमोने तर तोंडावर म्हटलं, "जाताना पंपही घेऊन जा, तसाही इथे काही कामाचा नाही." आत जळफळाट व्हायचा, पण जेलिंदोने तोही गिळला.

ऑक्टोबरात तीन दिवस सिरोक्को वाहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो बांधावरून नोर्माच्या घरापर्यंत चालत गेला. समुद्र बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली डुचमळत होता. पूर्वी असल्या वाऱ्यातही बांधावर बसून पाय सोडले तर बुटाला पाणी लागत नसे. बांधाची माती कोणी चोरून नेली नव्हती, तोही सगळ्यांबरोबर खाली बसला होता. दुसऱ्या बाजूला पाहिलं तर नोर्माच्या घराची कौलं त्याच्या पायांच्या पातळीला होती, आणि अंगणात धाकटी कोंबड्यांना हुसकावत होती. इतके महिने तो फक्त आपल्या पट्टीचा विचार करत होता, याची त्याला लाज वाटली.

तो लेकीच्या दारात थांबला नाही, तसाच पुढे जाऊन कचेरीला जाणारी बस पकडली.

दुसऱ्या दिवशी झानेल्लातो जेलिंदोला घेऊन एर्मेसच्या विहिरीपाशी आले. नोर्मा खिडकीतून पाहत होती. साहेबांनी हिरवा रंग संपतो तिथे बोट लावलं, खालचं लोखंड मोजलं, पुन्हा मोजलं. मग त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

"हे आधी का नाही बोललास?"

"तुम्ही आकडा विचारला होता, साहेब. नळी नाही विचारलीत."

कागद रद्द झाला. माफी कोणी मागितली नाही, पण घर राहिलं, नोकरीही राहिली. बांधावर मीटरभर माती चढली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात आमच्या बाजूच्या विहिरी बंद केल्या. आधी बघू, जमीन बसायची थांबते का, असं ठरलं. प्रीमोने दुकानात जेलिंदोपुढे ग्लास ठेवला, जेलिंदोने तो घेतला नाही. एर्मेससकट चाळीस जणांचं काम गेलं होतं.

नोर्मा वर्षभर पंपघरात आली नव्हती. रविवारी पोरी यायच्या, एर्मेस यायचा. "ती येईल हो," तो म्हणायचा. "तिलाही माहितीय, बांध फुटला असता तर काय झालं असतं. पण माहीत असलं तरी राग काय कमी होतो?"

फेब्रुवारीत एर्मेसला दूर तोरिनोला मोटारींच्या कारखान्यात काम मिळालं. सामानाचा ट्रक बांधावर पंपघरासमोर थांबला. एर्मेसने सासऱ्याला मिठी मारली, पोरींनी गालाचे पापे घेतले. सगळ्यात शेवटी नोर्मा उतरली. ती सरळ आत आली, पट्टीच्या भिंतीकडे मान करून म्हणाली,

"विहिरी बंद होऊन तीन महिने झाले. पाणी चढायचं थांबलं?"

सकाळीच त्याने पाहिलं होतं, वहीत लिहायचं तेवढं राहिलं होतं. नोव्हेंबरापेक्षा पाणी दोन बोटं वर होतं. पिळलेली माती बसायची एका दिवसात थांबत नाही, तिला वर्षं लागतात. पण हे तेव्हा ना जेलिंदोला माहीत होतं, ना साहेबांना.

"थांबलं," तो म्हणाला. "नोव्हेंबरपासून तसूभर हललं नाही."

नोर्मा भिंतीकडून वळली.

"मग ठीक आहे, पापा," ती म्हणाली. त्याचा मफलर सुटला होता, तो तिने नीट गुंडाळून गाठ मारून दिली आणि ती ट्रककडे गेली.

ट्रक दिसेनासा होईपर्यंत तो बांधावर उभा राहिला. मग आत जाऊन त्याने वही उघडली आणि सकाळचा आकडा लिहिला, पट्टीवर होता तोच.