काळ्या फ्रेमवरची विभूती

परळीला वैजनाथाच्या पायऱ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर विरुपाक्षअण्णाचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे आणि बरोबर समोर आमचं खेळण्यांचं. त्यामुळे अण्णाचे दोन्ही आवाज मला पाठ आहेत. गिऱ्हाइकाशी बोलायचा आवाज तुपातला: "या मालक, बेल ताजा हाय, विभूती घरची हाय, चपला हितंच सोडा, कोण नेत न्हाई." दुसरा आवाज सायकलीबद्दल बोलायचा. तो एकदम दबका. आतल्या खोलीत कुणी आजारी झोपलंय आणि त्याला ऐकू जाऊ नये, तसा.

ही सायकल बाजारात जायची नव्हे. ती फक्त डोंगर उतरते. तिला टेंपोत घालून वर न्यायचं, वर गेल्यावर डोक्यात हेल्मेट, गुडघ्याला ढाल, आणि दगडधोंड्यांतून, खाचांवरून उड्या मारत खाली. नीलाकाकू, म्हणजे अण्णाची माय, गल्लीत सगळ्यांना विचारायच्या, "खालीच आणायची हाय, तर वर न्यायची कावून?"

सायकलीची काळी अॅल्युमिनियमची फ्रेम अण्णाने पुण्यातल्या एकाकडून जुनीच घेतली होती, तेव्हा अण्णाच्या डोक्यावर दाट केस होते. आता केस गेले, फ्रेम राहिली. मधल्या काळात जगातल्या सायकलींची चाकं मोठी झाली, चाकांचे आस जाड झाले, आणि हिला बसणारे सुटे भाग मिळेनासे झाले. म्हणून गेल्या दिवाळीत अण्णाने नवी फ्रेम मागवली. ती आली, खोक्यासकट दुकानाच्या माळ्यावर गेली, आणि नीलाकाकूंनी तिच्यावर कापराची खोकी रचली. अण्णाने ती तशीच राहू दिली.

का, ते एकदा दुपारी त्याने जाकीरभाईंना सांगितलं. जाकीरभाईंचं स्टेशनाकडे सायकलीचं गॅरेज आहे, आणि दोघांची शाळेपासूनची दोस्ती.

"खोकं फोड ना बे," जाकीरभाई म्हणाले. "माळ्यावर अंडी घालणार हाय का ती?"

अण्णाचा दबका आवाज सुरू झाला. "जाकऱ्या, ह्या डोंगरावर माझ्यापुढं कोण जात न्हाई. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"पर मी जातो का ही जाती? मी नुसता बसतो बे. नवीवर बसलो आन् मागं पडलो, तर सगळ्यांना कळंल."

"काय कळंल?"

"की उतरत व्हती ती फ्रेम. मी न्हवतो."

जाकीरभाईंनी पान्ह्याने पाठ खाजवली आणि विषय बदलला.

मग श्रावणात आवाज यायला लागला. टिक्. डोंगर उतरताना ही सायकल खडखड, सर्रर्र, धप्प असे सगळे आवाज करायची आणि अण्णाला त्यातला प्रत्येक ओळखीचा होता. हा नव्हता. हँडलवर भार टाकला की टिक्. बोटाचं हाड मोडावं तेवढाच, कोरडा.

जाकीरभाई निदान करायचे ते कसम खाऊन. "मागच्या सांध्याचं बेअरिंग हाय. कसम से." बेअरिंग बदललं. टिक्. "पायडल. लिहून घे." टिक्. "सीट हाय रे, सीट." सीट काढून उभ्याने चालवली. टिक्. शेवटी म्हणाले, "तुझा गुडघा हाय बे तो. गुडघ्यात ग्रीस टाक."

अण्णा हसला नाही. त्याने विचारलं, "फ्रेम तर न्हाई ना?"

"हॅट्! फ्रेम को कुछ नै हुआ." पण हे म्हणताना त्यांनी कसम खाल्ली नाही. मी समोरच्या दुकानात बॅटऱ्या मोजत होते, माझ्या लक्षात आलं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी डोंगरावर शर्यत होती. पुण्याची, नगरची पोरं येणार होती. शनिवारी जाकीरभाईंनी शेवटचा उपाय म्हणून अख्खी सायकल पातळ तेलाने न्हाऊ घातली, सांध्यासांध्यात तेल मुरवलं आणि फडक्याने कोरडी पुसून दिली. "आता टिक् बोलली तर माझं नाव बदल."

संध्याकाळी नीलाकाकूंनी विभूती ओली केली आणि हँडलच्या जरा मागे, तिथून पायडलाकडे उतरणाऱ्या जाड नळीवर, नळीच्याच लांबीने, तीन बोटांनी तीन पट्टे ओढले. आणि जाहीर केलं, "मी बी येणार उद्या. एवढी वर्षं नेतो कुठं, बघू तरी."

दुकान बंद ठेवून मीही गेले. डोंगरावर वारा भणभणत होता. लांब थर्मल वीजकेंद्राची धुरांडी दिसत होती. पुण्याहून आलेला माइकवाला प्रत्येक शब्दाला इस्त्री करून बोलत होता: "आणि आता, मित्रांनो, आपल्यासमोर येत आहेत..." एकेक जण सुटत होता, धुरळा खाली जाऊन वळणाआड दिसेनासा होत होता. अण्णाचा नंबर अकरा. सातवा सुटला तेव्हा अण्णा हातमोजे घालायला खाली वाकला आणि तसाच राहिला.

पट्टे पांढरे होते. त्यांना आडवी छेदत एक काळी रेघ होती. केसाएवढी.

"माय, चार बोटं लावलीस का काल?"

नीलाकाकूंनी पदर खोचला. "चार? आरं, मला इभूती लावायला शिकवतू का? तुझ्या बापाला लावली, तुला पाळण्यात लावली, दुकानाच्या तराजूला लावते. तीन! आन् ही रेघ आडवी हाय. मी काय आडवी झोपून लावली का?"

"ओरखडा असंल," जाकीरभाई घाईने म्हणाले.

अण्णाने अंगठ्याने सगळं पुसून टाकलं. खाली नुसती काळी, गुळगुळीत नळी. काहीच नाही. नख फिरवलं, कुठे अडकलं नाही.

"बघ! कुछ नै. घाल हेल्मेट." जाकीरभाईंचा आवाज एकदम मोठा झाला होता.

आठवा सुटला. अण्णाने हेल्मेट घातलं, हँडलवर भार टाकला. टिक्.

"थांब," नीलाकाकू म्हणाल्या. "माझ्या तीन बोटाची चौथी कशी झाली, ते मला कळू दे."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून विभूतीचा खडा काढला, बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि त्याच जागी पुन्हा तीन पट्टे ओढले. सगळ्यांना दाखवत, एक एक बोट वेगळं करून. वाऱ्याने ते बघता बघता वाळले. पांढरे, स्वच्छ. नववा सुटला.

"काकी, झाली तसल्ली?" जाकीरभाई म्हणाले.

"जाकऱ्या," अण्णा म्हणाला, "मागचं चाक धर." त्याने पुढचा ब्रेक आवळला आणि छातीचा सगळा भार हँडलवर दाबला. टिक्. पट्टे पांढरेच. पुन्हा दाबला. टिक्.

मधल्या पट्ट्यात मुंगीएवढा काळा ठिपका आला.

दहावा सुटला. अण्णा पुन्हा दाबत होता, सोडत होता, आणि ठिपक्याला दोन्हीकडून पाय फुटत होते. वरच्या पट्ट्यात गेला. खालच्या पट्ट्यात गेला. रेघ झाली. तीच, त्याच जागी.

"तेल हाय," अण्णा म्हणाला. "काल तू मुरवलंस ते. चिरेत गेलतं, आता दाबलं की भायेर येलालंय."

जाकीरभाईंचा हात चाकावरून सुटला.

चीर बरोबर तिथे होती जिथे उडीनंतर सगळा दणका बसतो. ती तिथे तुटली असती तर हँडल हातात राहिलं असतं आणि बाकीची सायकल दुसरीकडे. हे कुणी कुणाला सांगितलं नाही. नीलाकाकू तेवढ्या सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होत्या, आणि त्यांनाही समजलं.

"मित्रांनो, क्रमांक अकरा! परळीचे लाडके..."

पुण्याचा एक पोरगा रेघ बघून म्हणाला, "दादा, एवढी बारीक? एक रन निघून जाईल आरामात. नंतर बदला ना."

अण्णा जाकीरभाईंकडे बघत होता. त्याला कुणीतरी "जा" म्हणायला हवं होतं, हे उघड दिसत होतं. ही शर्यत सोडली की पुढच्या वेळी माळ्यावरचं खोकं उघडायचं होतं, आणि मग कळणार होतं.

"क्रमांक अकरा, दुसरी हाक!"

नीलाकाकू पुढे झाल्या. त्यांचा आवाज गल्लीतला नव्हता. "इरू, जायचं तर जा. तू लहान न्हाईस. पर आदी ही पुस. माझी इभूती घिऊन जाऊ नको."

अण्णाने अंगठा पट्ट्यांवर ठेवला. ठेवला, आणि हलवला नाही. वाऱ्याने माइकवाल्याचा कागद फडफडत होता.

"क्रमांक अकरा, शेवटची हाक!"

अण्णाने हात वर केला. "अकरा न्हाई उतरत."

टेंपो उतरलेल्या पोरांना आणायला खाली गेला होता. वाट बघत उभं राहणं अण्णाला नको होतं. शर्यत संपल्यावर तो सायकल हातात धरून त्याच वाटेने चालत निघाला, मागे नीलाकाकू, त्यांच्या मागे आम्ही. पहिल्या उभ्या उतारावर जाकीरभाईंना राहवलं नाही. "या अल्ला! ह्याच्यावरून उडायचा तू?"

"मी न्हाई," अण्णा म्हणाला. "ही."

पुढे गेल्यावर तो न वळता म्हणाला, "माय, डाव्या अंगाला ये. फुडं मोकळा दगड हाय." दगड होता. "हितं मुरूम सरकतो, टाच रोव." सरकला. "आता वळणामागं बाभळीची मुळी हाय, वर आलेली." वळण तर अजून आलंही नव्हतं. आलं, आणि मुळी होती.

नीलाकाकू मुळीवर उभ्या राहिल्या. "तुला कसं ठाव?"

"कसं म्हंजी? रोजचं हाय."

त्यांनी सायकलीकडे बोट केलं. "ही सांगती का तुला?"

अण्णा थांबला. सायकल त्याच्या हातात गप्प होती, भार नव्हता तर टिक्सुद्धा नाही. त्याने खालच्या वाटेकडे पाहिलं. मग म्हणाला, "जपून. फुडं निसरडं हाय."

दुकानात आल्यावर त्याने काळी फ्रेम भिंतीला टेकवली आणि शिडी लावली.

"माय, कापूर खाली घे."

जाकीरभाईंनी खोकं फोडलं. आतली फ्रेम राखाडी निघाली. ते म्हणाले, "चाकं जोडायला येळ लागंल बे, ह्यात जुनं काहीच बसत नै." आणि मग हळूच, "चीर मला दिसाया पायजे होती."

"मला तर ऐकू येत व्हती," अण्णा म्हणाला. "चहा घे."

नीलाकाकू विभूती भिजवत होत्या. अण्णा त्यांच्या बोटांकडे बघत होता.

"माय, तीनच हं."

"मुडद्या," नीलाकाकू म्हणाल्या, "चौथी मी लावलीच कवा व्हती?"