पोट छोटं झाल्यावरची कॉफी

पोटात जागा उरली नाही की माणसाचं सगळं तोंडात साचतं, असं आमच्या शीलाकाकू म्हणतात. खरंच आहे ते. वजनासाठी पोटाचं ऑपरेशन केलेले आम्ही चौघं महिन्यातून एकदा मिरा रोडला डाएटिशियन मॅडमकडे तपासणीला जमतो. नंबर लागेपर्यंत जीव जातो. खायचं काही नाही, प्यायचं घोटभर. मग करणार काय? बोलणार! आणि बोलणं कुठूनही निघू दे, येऊन थांबतं कॉफीवर. सगळ्यांत आधी तीच बंद केलेली असते ना!

चौघं म्हणजे कोण ते सांगते. शीलाकाकू बँकेतून रिटायर झालेल्या, गिरगावातून इकडे राहायला आल्या. सावंतभाऊ मूळचे रत्नागिरीचे, बसवर कंडक्टर. मार्थामावशी इथल्याच किनाऱ्यावरच्या पाली गावच्या, मासे विकतात. आणि सगळ्यांत लहान मी, सुप्रिया, जवळच्याच गोडदेवची; सासर मूळचं रायगडचं.

माझं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. माझी ओवी तेव्हा दोन वर्षांची होती. मला शुगर, वर झोपेत श्वास अडकायचा. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर मुलीला शाळेत सोडायला तुम्ही असाल की नाही, मी सांगू शकत नाही." त्या एका वाक्यावर मी ऑपरेशनला हो म्हटलं. आमच्या सासूबाई, त्यांना मी आईच म्हणते, नको नको म्हणत होत्या. "आपल्या रायगडात पोट कापून कोण बारीक झालंय का गं?" बाकीचे हसतात तेव्हा मीपण हसते. पण पोट एवढंसं झालं तरी भीतीचा गोळा काही लहान झाला नाही.

*

शीलाकाकूंचं नि माझं ऑपरेशन एकाच आठवड्यातलं, खोलीही एकच. आम्हाला चमच्या-चमच्याने पाणी चालू होतं. समोरच्या पेशंटच्या जावयानं थर्मास उघडला आणि खोलीभर कॉफीचा वास! काकूंनी डोळे मिटले. म्हणाल्या, "जावईबापू, झाकण जरा वेळ उघडंच ठेवाल का?"

तो बिचारा थर्मास धरून उभाच राहिला. तेवढ्यात सिस्टर आली. "काकू! कॉफी प्यायलात की काय?"

"छे गं, नुसती हुंगली. हुंगायलापण डॉक्टरांची सही लागते का?"

*

महिना-दीड महिन्यानं मॅडमनी आम्हाला थोडी कॉफी चालू केली. बिनसाखरेची, कोमट, एका वेळी दोन-चार घोट. त्या दिवशी आम्ही चौघं खालच्या उडप्याकडे शिरलो. सावंतभाऊंनी ऑर्डर दिली, "एक कॉफी, चार कप." वेटरनं आणून दिली. आम्ही वाटून घेतली. मग काय, एक घोट की गप्पा, एक घोट की गप्पा. बाजूच्या टेबलावर तीन गिऱ्हाइकं येऊन जेवून गेली, आमची कॉफी संपेना.

शेवटी वेटर जवळ आला. हळूच विचारतो, "सेठ, कॉफी में कुछ गिरा है क्या?"

सावंतभाऊ म्हणाले, "नहीं रे बाबा! कॉफी एकदम फर्स्ट क्लास है. पोट छोटा है!"

*

सावंतभाऊंनी नंतर वेगळीच युक्ती काढली. औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण असतं ना, ते खिशात ठेवायचे. ड्युटीवर छोट्या बाटलीत काळी कॉफी. सिग्नलला बस थांबली की एक झाकण भरायचं, प्यायचं आणि कडू लागून तोंड वाकडं करायचं.

एकदा घोडबंदरच्या बाजूला जाणाऱ्या बसमध्ये एक आजोबा त्यांच्याकडे टक लावून बघत होते. तिसऱ्या झाकणाला उठलेच! "मास्तर, लाज नाही वाटत? भरदुपारी, ड्युटीवर घेता?"

अख्खी बस वळून बघायला लागली. भाऊंनी बाटलीच आजोबांच्या नाकाखाली धरली. आजोबांनी वास घेतला. परत घेतला. म्हणाले, "कॉफी आहे तर मग घरी कोण गेलंय म्हणून असं तोंड करताय?"

*

त्यावर मार्थामावशी म्हणाल्या, "घरी कोन गेलं ते माझ्याकडनं ऐक."

त्यांच्या पालीत एक जण वारला. दफन करून आलं की घरी आलेल्यांना काळी कॉफी देतात, गोडमिट्ट. दुःखाच्या घरची कॉफी नाही म्हणायची नसते. मावशींनी नाही म्हटलं नाही. त्यात जास्त वेळ बसायचा कंटाळा, म्हणून कप एका दमात रिकामा केला!

साखर अशी एकदम गेली की आमच्यासारख्यांना दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, आडवंच व्हावं लागतं. मावशी तिथंच ओसरीवर आडव्या झाल्या. बायका धावल्या. कोणी पाणी मारतंय, कोणी पदर सैल करतंय. "बिचारी मार्था, किती लागलं गो तिच्या मनाला!"

मावशी सांगत होत्या, "त्याची बायको सोता रडायची थांबली नि मला वारा घालत बसली. आन् त्या मेल्याशी माझं वीस वर्सं बोलनं न्हाय!"

आम्ही हसलो. पण मावशी नंतर हळू आवाजात म्हणाल्या, "आडवी पडले तवा वाटलं, आता माझीपन कॉफी कोनीतरी पिनार."

*

आता माझं. हे मी तिथं फार दिवस सांगितलं नव्हतं.

मॅडमनी मला एक पावडर दिली होती, प्रोटीनची. म्हणाल्या, कॉफी घेताच आहात तर त्यातच कालवून घ्या. मला अशक्तपणा होता, म्हणून सकाळची कॉफी आई करायच्या आणि मला बिछान्यावर आणून द्यायच्या. मी न चुकता घ्यायची. तरी दिवसेंदिवस गळत चालले. विंचरायला घेतलं की फणीत केसांचा पुंजका. एकदा ओवीला बालवाडीतून आणताना जिन्यातच बसले, उठताच येईना. ती हात ओढत होती, "आई, ऊठ ना. आई, ऊठ ना." वरच्या मजल्यावरच्या भाभीनं आम्हा दोघींना घरी आणलं.

रिपोर्ट बघून मॅडम म्हणाल्या, "पावडर रोज घेता?"

"रोज."

"मग अंगात प्रोटीन का नाही? पुढच्या महिन्यातही असंच राहिलं तर ॲडमिट करावं लागेल."

घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ओवी माझ्या पाठीवर गाडी फिरवत होती. डोक्यात एकच, हिची वेणी कोण घालणार?

तेवढ्यात दारात तीच भाभी आली. आमच्या मजल्यावर एक मांजर आहे, भुरी. भाभी आईंना विचारत होती, "मावशी, भुरी को क्या खिलाते हो? कैसी चमक रही है!"

आई कौतुकानं म्हणाल्या, "काही नाही गं, सुप्रियाच्या कॉफीचा चोथा. गाळल्यावर उरतो ना, तो देते."

मी उठून बसले. कॉफीला चोथा?

झालं होतं असं, की कच्चं पीठ पोटाला बाधतं म्हणून आई ती पावडर नाचणीच्या पेजेसारखी कॉफीत खळखळ उकळायच्या. तिच्या गुठळ्या व्हायच्या. कापल्या पोटात गुठळी अडकायला नको, म्हणून त्या गाळणीनं नीट गाळायच्या. गाळलेलं पाणी मला, गुठळ्या भुरीला! डब्यावर सगळं इंग्रजीत. मी सातवी शिकलेली, आई दुसरी. आम्ही दोघींनी त्यावरचं चित्र तेवढं बघितलं होतं.

मी सांगितलं तेव्हा आई गाळणी हातात धरून बसूनच राहिल्या. "म्हणजे इतके दिवस मी तुला..." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

भुरी मात्र दोन दिवस दारात बसून माझ्याकडे रागानं बघत होती. तिच्या हक्काचं मीच खाल्लं ना!

*

परवा तपासणी झाली. ऑपरेशनला नऊ महिने झाल्याची. आई म्हणाल्या, मीपण येते. त्या मंदिरापलीकडे कुठं जात नाहीत, पण आल्या. ओवीला मांडीवर घेऊन शीलाकाकूंच्या शेजारी बसल्या. माझा नंबर आला तसे डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागल्या.

मी बाहेर आले. म्हटलं, "आई, चांगला आलाय रिपोर्ट. ॲडमिट नाही व्हायचं."

त्यांनी मान हलवली, बस्स. ओवीच्या फ्रॉकची कॉलर सरळ केली.

मग आम्ही सगळे खाली उडप्याकडे गेलो. कॉफी आली. मी कप उचलणार, तर आईंनी तो ओढून घेतला. बशीत ओतली, पदर सावरला आणि फुंकर मारत बसल्या. करंगळी बुडवून बघितली. परत फुंकलं. मग बशी माझ्या तोंडाशी धरली. भर हॉटेलात! वेटर बघतोय, ओवी बघतेय. मी लाजून म्हटलं, "आई, अहो, द्या इकडे, पिते मी."

त्यांनी बशी सोडली नाही.

मार्थामावशींना राहवलं नाही. "अगो म्हातारे, ती काय तान्ही हाय, फुंकून पाजायला?"

आईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बशी आणखी थोडी तिरपी केली आणि म्हणाल्या,

"तान्हीच आहे. आत्ता कुठं नऊ महिन्यांची झालीय."