ताई कुणाला हाक मारत होती?

भूत, करणी, अंगात येणं... यातलं काहीच मी मानत नाही. आम्ही ख्रिस्ती, त्यात मी संगमनेरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचायचे ते करमणूक म्हणून, आणि बरेचदा मनात हसायचेसुद्धा. आज स्वतःच लिहायला बसले आहे, कारण हे घरात कुणाशी बोलायची सोय राहिलेली नाही.

माझी मोठी बहीण विमलताई सोनईजवळच्या एका वस्तीवर राहते. घोडेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला, ऊस संपला की डाव्या हाताला घर. पुढे अंगण, बाजूला गोठा आणि कांद्याची चाळ. घरात ती आणि दाजी. एकुलता एक मुलगा अमोल सैन्यात — काश्मीरला, अगदी सीमेवरच्या चौकीवर.

सीमेवर गोळाबार सुरू झाला तेव्हा कॉलेजला सुट्टी होती. अमोलचा फोन लागत नव्हता, म्हणून मी ताईकडे जाऊन राहिले. टीव्हीवर सारखा आरडाओरडा. वस्तीवरच्या पोरांच्या स्टेटसला ‘आता सोडू नका’ वगैरे. दाजींनी शेवटी टीव्ही बंदच करून टाकला.

त्या दिवशी ऊन कललं होतं. आम्ही दोघी चाळीपुढे कांदा निवडत होतो. ताई मधेच उठली, अंगणाच्या कडेला गेली आणि जेवायला बोलवावं तशी हाक मारली — “झूनीऽऽ... ए झूनीऽ...”

शेजारची कुणी मुलगी असेल, असं मला वाटलं. ती परत येऊन बसली तेव्हा विचारलं, “झूनी कोण गं?”

“कोन झूनी?”

“आत्ता हाक मारलीस ती.”

“मी कशाला कुनाला हाक मारू? पानी प्यायला उठले हुते.”

पाण्याचा माठ घरात होता. ती घरात गेलीच नव्हती.

पुढे रोज संध्याकाळी हेच. आवाज साधा, घरगुती, थोडा वैतागलेला... खेळात रमलेल्या पोराला बोलावताना होतो तसा. मग एक दिवस हाक आलीच नाही. मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळीच सुरू झाली आणि थांबेना. भाकरी थापताना, शेण काढताना, धुणं वाळत घालताना... आवाज पार बदललेला. घसा बसला तरी हाका चालूच. आणि विचारलं की एकच उत्तर, “मी कुठं काय बोलले?” दाजी गोठ्यात जाऊन बसून राहिले. आम्हा दोघांच्या मनात अमोलच होता, पण ते आम्ही एकमेकांना बोलून दाखवलं नाही.

शस्त्रसंधी झाली. अमोलचा फोन आला, सुखरूप होता. ताई फोनवर रडली, हसली, आणि फोन ठेवून अंगणात जाऊन पुन्हा तीच हाक. नगरच्या डॉक्टरांनी ताण म्हणून गोळ्या दिल्या. पाळकसाहेब प्रार्थना करून गेले. शेजारच्या बायका म्हणाल्या, “हे बाहेरचं हाय.” फरक कशानेच पडला नाही.

पावसाळ्यात अमोल सुट्टीवर आला, तेव्हा मीही पुन्हा ताईकडे गेले. सोनईच्या स्टँडपासून मिरवणूक, हार, डीजे. कुणी फटाक्यांची माळ काढली तसा तो हात जोडून म्हणाला, “तेवढं ऱ्हाऊ द्या.” दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवत होता, मी वाढत होते. बाहेरून ताईची हाक आली. त्याचा घास हातातच राहिला.

“मावशी, हे नाव मम्मीला कुनी सांगितलं?”

“तूच फोनवर बोलला असशील.”

“मी कुनालाच बोललो न्हाई.”

तो ताटावरून उठला. हात धुऊन भिंतीला टेकून बसला, आणि खूप हळू बोलायला लागला.

“आमच्या चौकीच्या खाली वढा हाय. पलीकडं त्यांचं गाव. एक घर तर इतकं जवळ, की चुलीचा धूर दिसायचा. तिथली बाई रोज अंधार पडायच्या आधी पोरीला हाक मारायची. झूनी. बारकी पोर, लाल स्वेटर घालून शेळ्यांमागं फिरायची. आमी हसायचो, चला, झूनीची जेवायची येळ झाली म्हनून.”

“मग?”

“मग गोळे पडायला लागले, तरी काही दिवस तिची हाक यायचीच. इकडून तिकडं, तिकडून इकडं. त्या घरावर कुनाचा पडला ते मला इचारू नको.” त्याने समोरचं ताट बाजूला सरकवलं. “त्या दिवशी काहीच आवाज आला न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती बाई हाका मारायला लागली. दिवसभर. पोर काय आली न्हाई, मावशी.”

बाहेर ताई हाक मारतच होती. तो दोन्ही कानांवर हात ठेवून बसला.

ताईला आम्ही यातलं काही सांगितलं नाही. कसं सांगणार? अमोल सुट्टी संपवून गेला, त्याच चौकीवर. दिवाळीनंतर ताईच्या हाका अचानक थांबल्या. त्याच सुमारास अमोलचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, “पलीकडचं घर बंद दिसतंय. धूर येत न्हाई.” मी त्याला म्हटलं, इकडेही शांत आहे. कधीपासून, ते त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मी सगळ्या शक्यता तपासून पाहिल्या. तो झोपेत बरळला म्हणावं, तर हाका सुरू झाल्या तेव्हा तो घरातच नव्हता. फोन बंद होते. टीव्हीवर असल्या पोरीचं नाव कोण घेतं? तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असलं तरी ते ऐकायची ताकद आता माझ्यात आहे की नाही, माहीत नाही.

नाताळाला अमोल घरी होता, मीही गेले होते. ताटं वाढली, तो गोठ्याकडे गेला होता. मी म्हटलं, “ताई, हाक मार त्याला.” ती दाराशी गेली. तोंड उघडलं... आणि तशीच उभी राहिली. मग पदर खोचून गोठ्यापर्यंत चालत गेली आणि त्याला मनगटाला धरून घरात घेऊन आली.

“हाक मारायचं भ्या वाटतं गं,” मला म्हणाली. “का, ते न्हाई कळत.”

जेवण होईपर्यंत तिने त्याचं मनगट सोडलं नाही. तो डाव्या हाताने जेवला.