पाव तास भरत आला

वकीलबाई फी सांगायच्या ती तोंडावर, डोळ्याला डोळा देऊन. ट्रेडमार्क नोंदवायची रक्कम ठरलेली, कोर्टात भांडायचं तर आगाऊ, आणि सल्ल्याला घड्याळ. पाव तास सुरू झाला की पुरा धरायचा, मग बोलणं फोनवर असो की जिन्यात. पूर्वी त्या घड्याळ लावत नसत, तेव्हा लोक पोटभर ऐकून जायचे आणि रस्त्यात ओळखही द्यायचे नाहीत. गरज सरो, वैद्य मरो. अशिलं पाठीमागे त्यांना ‘मीटर’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

ब्रेकवाले काका त्यांचं जुनं अशील. गाड्यांचे ब्रेक बनवायचे आणि त्यावर छाप मारायचे कासवाची. थांबणाऱ्याला घाई कशाला, असं त्यांचं म्हणणं. एका टोळीनं तीच छाप मारून भुशाच्या लायकीचा माल विकायला काढला. एक ट्रक उतारावर थांबला नाही, दोन माणसं चिरडली, आणि मेलेल्यांचे भाऊ काकांच्या दुकानावर चालून आले. काचा फुटल्या, काकांचं कपाळ फुटलं. बनावट कारखाना सापडला नाही तर पुढच्या खेपेला आपला जीव जाणार, हे काकांना कळून चुकलं.

सापडला तो त्यांनाच. एका गोदामामागून त्यांनी बाईंना फोन लावला आणि आधी जागेच्या पत्त्यासकट सगळी हकिगत सांगितली.

“आतून प्रेसचा आवाज येतोय, बाई. माझीच छाप मारतायत.”

“बाहेरच थांबा. कोर्टाचा हुकूम उद्या मिळतोय, मग पोलीस घेऊन आत शिरू.”

“तोवर माल हलवतील हो. नुसता एक नमुना उचलून आणला तर?”

“काका, नीट ऐका. अशा जागी...”

“पाव तास भरत आला, बाई. ठेवतो.”

फोन बंद. आपण उलट लावला तर नवा पाव तास धरावा लागणार, आणि बिल बघून हा माणूस महिनाभर कटकट करणार. ‘शहाणा आहे, जायचा नाही आत,’ असं स्वतःला समजावत बाईंनी दुसरी फाईल ओढली. दोन पानं वाचली, काही डोक्यात शिरेना. तेव्हा पोलिसांना कळवून त्या स्वतःच गाडी काढून निघाल्या.

गोदामाचं दार सताड उघडं होतं. काकांचं तोंड रक्तानं माखलेलं, दोघं त्यांना गजानं झोडपत होते. तिसऱ्यानं त्यांचा उजवा हात प्रेसखाली ओढला. “छाप पाहिजे ना तुला? घे.” हाडं मोडल्याचा आवाज बाईंनी ऐकला. हाताला लागली ती लोखंडी पट्टी उचलून त्यांनी त्या तिसऱ्याच्या गुडघ्यावर हाणली, तो पडल्यावर पुन्हा हाणली. आजवर कुणावर हात न उगारलेली बाई, पण त्याचा गुडघा फुटला तेव्हा तिला बरं वाटलं. मग कुणाचा तरी ठोसा बसून तिचा दात पडला. पोलिसांच्या गाडीचा भोंगा वाजला तेव्हा कुठे बाकीचे दोघं पळाले.

डॉक्टरांनी काकांचा हात मनगटापासून काढला. बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. बाई त्यांच्याशेजारी बसल्या.

“काकू, ही केस मी लढते. एक पैसा नको मला.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. “फोन मध्येच ठेवला म्हणे त्यांनी. तुम्ही परत का नाही लावलात?”

बाईंनी खरं ते सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि बाईंच्या सुजलेल्या गालावर सणसणीत चपराक ठेवून दिली. मग शांतपणे पर्स उघडून आगाऊ रक्कम त्यांच्या मांडीवर ठेवली.

“फी घ्या. पुरी घ्या. फुकट लढून सुटायचं बघू नका.”

तोंडातलं रक्त गिळून बाईंनी पैसे उचलले.