हॉटस्पॉट बंद करा

बाबा गेले तेव्हा बहीण जर्मनीत होती. तिला तिकीट दुसऱ्या दिवशीचं मिळत होतं आणि तोवर बाबांना ठेवणं शक्य नव्हतं. "दादा, उचलायच्या आंधी मले बाबा दाखव," एवढं ती बोलली आणि फोन तुटला.

मग मी लावतच राहिलो. चित्र यायचं, चौकटी चौकटी व्हायच्या, आवाज अर्ध्यात गिळला जायचा. अमरावतीतली आमची गल्ली म्हणजे भिंतीला भिंत. घराघरात वायफाय, आणि सगळ्यांची लहरींच्या एकाच पट्ट्यावर झोंबाझोंबी. त्यात भातकुली, दर्यापूरहून आलेले पाहुणे. ज्याला रेंज नाही त्याला बाजूला बसलेला हॉटस्पॉट देत होता. कुणी तर गावाकडे बाबांचा चेहरा दाखवून राहिलं होतं! त्यांना बाबा दिसत होते, बाबांच्या लेकीला नाही.

माझं डोकंच फिरलं. अंगणात येऊन ओरडलो, "हॉटस्पॉट बंद करा सगळ्यांनी! वायफाय बी बंद करा!"

"मयतीच्या घरी हे काय लावलं बाप्पा?" बाबांचे धाकटे भाऊ म्हणाले. "दिवस कलून राह्यला. उचला आता."

"काका, पोरीले बाप पाह्याचा हाये."

शेजारच्या वहिनी उठल्या, घरी जाऊन राऊटर बंद करून आल्या. मग पलीकडचेही गेले. मी आमचा राऊटर माळ्यावरून काढून बाबांच्या उशाशी ठेवला आणि फोन त्याच्या पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर घेतला. तिथे गर्दी कमी, पण भिंत मधे आली की तो पट्टा दम सोडतो. एकीकडे समई, दुसरीकडे ते लुकलुकणारं डबडं. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

फोन लागला. बाबा तिला स्वच्छ दिसले. ती नुसती पाहत राहिली. मला वाटलं, झालं.

"दादा," ती म्हणाली, "आता स्पीकर बंद कर. फोन बाबाच्या कानाशी ठेव."

मी ठेवला. सकाळपासून आवरून धरलेलं रडू तेव्हा फुटलं. ती काय बोलत होती मला माहीत नाही, मी कधी विचारलंही नाही. फोन मात्र तुटला नाही. बाहेर माणसं तिरडीपाशी येऊन उभी राहिली, तसे काका दारात आडवे आले.

"थांबा रे," ते म्हणाले. "बोलू द्या तिले."