न्हाई आलं

कोंडाजीला आमच्या सोसायटीत सगळे हौशी म्हणायचे. मी म्हणत नाही. दुसऱ्याच्या जिवावर हौस भागवणाऱ्याला मराठीत वेगळे शब्द आहेत, आणि ते मी त्याच्या तोंडावर वापरलेले आहेत.

चाकणच्या कंपनीतून व्हीआरएस घेतली आणि या फिटरने बायकोच्या पाटल्या मोडून जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेतला. पाटल्या तिच्या, म्हणून गाडी तेवढी तिच्या नावावर केली. त्याला वाटलं, केवढं मोठं मन दाखवलं. सीटा काढून आत पलंग, शेगडी, टीव्ही बसवला, टपावर डिश. मग चिंचवडचा फ्लॅट भाड्याने दिला आणि बायकोला, कस्तुराताईंना, म्हणाला, "अकरा महिन्यांचा करार हाय. भारत बघू आन् परत येऊ." त्यांना विचारलं नाही. सांगितलं.

कस्तुराताई भांडल्या नाहीत. त्यांनी टीव्ही लावला. बाहेर समुद्र असो नाहीतर डोंगर, पडदे ओढून बाई मालिका बघत बसायच्या. तो चिडायचा, "अगं, बाहेर बघ की जरा." मला फोनवर म्हणाल्या, "टीव्हीत घरं तरी दिसत्यात, तनुजा. दार, ओटा, देवघर. बाहेर नुसतं जग हाय."

मुक्काम बदलला की डिश फिरवावी लागते. कोंडाजी टपावर चढून डिश जराजरा सरकवत ओरडायचा, "आलं का?" चित्र लख्ख आलेलं असायचं. ताई पाय पसरून बघत खालून सांगायच्या, "न्हाई आलं." जाहिराती लागेपर्यंत त्याला उन्हात भाजू द्यायच्या. हे ऐकून मी पोट धरून हसले होते.

गणपती आले. आमच्या सोसायटीत पहिल्या आरतीचा मान वर्षभरात घर घेतलेल्या जोडप्याचा. विकत घेतलेल्या, हं. भाडेकरूला आमच्याकडे वर्गणीची पावती मिळते, आरतीचं ताट मिळत नाही. आरती मोबाइलवर थेट दाखवणार होते, ती लिंक मी ताईंना पाठवली. त्या तेव्हा गोकर्णला होत्या. टपावर कोंडाजी डिशशी झटत होता, म्हणून त्यांनी फोनच टीव्हीला जोडला.

आमचा सेक्रेटरी जयदीप माइकवर म्हणाला, "पहिल्या आरतीचा मान आपले नवे सभासद धनेश आणि दिव्या यांना." ताट घेऊन पुढे आले ते ताईंचे भाडेकरू.

मी तिथेच टाळ्या वाजवत उभी होते. घर विकलेलं सगळ्यांना ठाऊक होतं. ताईंना ठाऊक नाही, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. फ्लॅट कोंडाजीच्या एकट्याच्या नावावर होता. बायकोने परत जायचं नाव काढू नये म्हणून या माणसाने परत जायला जागाच ठेवली नाही.

टपावरून हाक आली, "आलं का?"

"आलं," ताई म्हणाल्या. "समदं दिसलं. खाली या."

विसर्जनाच्या आत गाडी आमच्या गेटसमोर उभी राहिली. ताईंनीच ती इकडे वळवायला लावली होती. वॉचमन नवा होता. त्याने खिडकीशी येऊन विचारलं, "कोणाकडे जायचंय?" कोंडाजी ताईंकडे बघायला लागला.

"उतरा," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"खाली. तुमचं घर तुमी इकलं. ह्ये माझ्या नावावर हाय."

तो उतरला. वाटलं असेल, राग आहे, ओसरेल. ताईंनी किल्ली काढून घेतली आणि आतून कडी लावली.

गाडी अजून गेटशेजारीच आहे. जयदीप ती हलवायला सांगायला निघाला होता, मी त्याला जिन्यातच अडवलं आणि असं काही सुनावलं की तो पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही. कोंडाजी काळेवाडीत भावाकडे राहतो आणि रोज संध्याकाळी येऊन गाडीपाशी उभा राहतो. मी बाल्कनीतून बघते. मला दया येत नाही.

काल वाऱ्याने डिश हलली. ताईंनी दार उघडून त्याला टपाकडे बोट दाखवलं. तो लगबगीने वर चढला.

"आलं का?"

"आलं."

एवढ्या लवकर "आलं" त्याने कधी ऐकलं नसेल. खाली उतरून हात पुसत तो दाराशी आला. "मग मी येऊ का आत?"

"न्हाई," ताई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.